झुंबा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

झुंबा हा लॅटिन अमेरिकेतला जुना लोकनृत्यप्रकार आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो १९९०च्या दशकात कोलंबियातील काली शहरात जन्मला. अल्बर्टो ‘बेटो’ पेरेझ हा प्रशिक्षक एकदा एरोबिक्सच्या गाण्यांची कॅसेट आणायला विसरला आणि जवळच्या साल्सा-मेरेंगेच्या कॅसेटवर त्याने वेळ निभावून नेली, अशी त्याची जन्मकथा सांगितली जाते. पुढे २००१मध्ये अमेरिकेत दोन भागीदारांसह त्याने कंपनी काढली. झुंबा हे तिचे नोंदणीकृत नाव आहे, त्यामुळे हिंदी-मराठी गाण्यांवरचा प्रत्येक वर्ग झुंबाचा असतोच असे नाही.

‘नुसती मजा, त्यात कसला व्यायाम?’ हा आक्षेप टिकत नाही. २०१२च्या एका अमेरिकी चाचणीत १९ तरुणींनी सुमारे ४० मिनिटांच्या झुंबा वर्गात मिनिटाला सरासरी साडेनऊ कॅलरी खर्च केल्या. त्यांच्या हृदयाचे ठोके कमाल गतीच्या ८० टक्क्यांच्या आसपास होते. मात्र या मुली धडधाकट आणि झुंबाला सरावलेल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात पावले शोधत उभे राहणाऱ्याचा खर्च बराच कमी होतो. तासाला हजार कॅलरी जाळण्याची जाहिरात म्हणूनच बिनधास्त दुर्लक्षावी.

वर्गानंतर वजनकाटा अर्धा किलो कमी दाखवतो, तो मुख्यतः घामावाटे गेलेल्या पाण्यामुळे. पाणी प्यायले की ते वजन परत येते. कंबर हलवल्याने कंबरेचीच चरबी उतरते, हाही तितकाच चिवट भ्रम. स्नायू काम करतात तिथलीच चरबी शरीर वापरत नाही. ती कुठून आधी उतरेल हे आनुवंशिकता, लिंग आणि संप्रेरकांवर अवलंबून असते.

‘मला नाचता येत नाही’ ही सबब तर सर्वांत जास्त ऐकू येते. झुंबातल्या मेरेंगे या नृत्याचे मूळ पाऊल म्हणजे गुडघे किंचित वाकवून तालावर जागच्या जागी चालणे. त्यावर हात आणि कंबर नंतर चढतात. प्रशिक्षक बोलण्यापेक्षा हातांच्या खुणांनीच पुढची दिशा दाखवतो आणि पाऊल चुकले तरी हालचाल चालू राहणे महत्त्वाचे असते.

वय किंवा गुडघेदुखी हा सरसकट अडथळा नाही. उड्या गाळून एक पाय सतत जमिनीवर ठेवला, तर सांध्यांवरचा भार कमी होतो. ज्येष्ठांसाठी संथ वर्ग असतात, पाण्यातलेही असतात. खरा धोका गुळगुळीत फरशीवर अनवाणी किंवा फार पकड घेणाऱ्या बुटांत गिरक्या घेण्यात आहे. बूट रुतून राहतो आणि पीळ गुडघ्याला बसतो. हृदयविकार असल्यास, किंवा चक्कर येत अथवा छातीत दुखत असल्यास आधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक.

झुंबा केला की दुसरा व्यायाम नको, हेही खरे नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाशिवाय किमान दोन दिवस स्नायूबळाचे व्यायामही सुचवते. वजने, बैठका किंवा जोर यांची जागा त्यामुळे रिकामीच राहते.