हातचा येईपर्यंत: १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या

नऊ वेळा एक लिहा: १११११११११. हिचा वर्ग करा. येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी, उलटी वाचली तरी तीच. अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा नऊचा वर्ग. व्हॉट्सॲपवर हे ‘गणिताचा चमत्कार’ म्हणून फिरतं आणि तिथंच थांबतं. उमरीत बसून पेटची तयारी करणाऱ्यानं मात्र तिथून पुढं निघायला पाहिजे.

या कुळातल्या संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात. नाव ठेवलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी (१९०५–१९८६), ६१७४ वाले तेच. कल्पना सुचली ती जीआयपी रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनावर, म्हणून डेम्लो! देवळालीच्या शाळेत ते १९३० ते १९६२ शिकवत होते. पदव्युत्तर पदवी नव्हती.

आता कारण बघू. शाळेतल्यासारखा उभा गुणाकार मांडा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक ‘१’, दुसऱ्यात दोन, असं वाढत मधल्या रकान्यात नऊ, मग पुन्हा उतरत एक. कुठल्याच रकान्याची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणजे हातचा येतच नाही. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यातल्या एकांची मोजदाद. एकूण एक किती? ९ × ९ = ८१. झाली सिद्धता.

कारण कळलं की ते कुठं तुटणार हेही कळतं. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात आणि हातचा येतो. वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ गायब, उलट-सुलट सारखेपणाही गेला. बेरीज १०० यायला हवी होती, येते ८२. का? प्रत्येक हातच्याला दहा जातात, एक येतो, म्हणजे बेरीज नवानं घटते. इथं हातचे दोन, म्हणून १८ कमी. ओळीनं नऊ उदाहरणं जुळली म्हणून प्रबंधात ‘असे आढळून येते’ लिहिणाऱ्याला हे दहावं उदाहरण आडवं येतं.

आणखी एक भेद मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अंकांचा डौल हा संख्येचा गुण नाही, दहाच्या पायात लिहिण्याचा आहे. सोळाच्या पायात एकांच्या वर्गाचा हाच क्रम पंधरा एकांपर्यंत टिकतो. याउलट १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७, म्हणून आपली संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७². तिचे विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पाया कुठलाही घ्या, हे ४५ बदलत नाहीत. नवीन गुणधर्म सापडला की आधी तो यातल्या कुठल्या जातीचा ते तपासा. निम्मं काम तिथंच होतं.

अकरा एकांच्या वर्गाच्या अंकांची बेरीज गुणाकार न करता काढून बघा. रकाने मांडले की हातचे चार येतात, म्हणजे १२१ − ३६ = ८५.