पातेल्यात उकळलेला सेंचा

आपल्या घरांतील चहा म्हणजे दूध, साखर, सुंठ किंवा वेलदोडा आणि पातेल्यातील भरपूर उकळी. अशा घरात जपानी हिरव्या चहाची पुडी आली, की तीही त्याच पातेल्यात जाते. आमच्याकडे तसेच घडले. कौतुकाने भेट मिळालेला ‘सेंचा’ पाच मिनिटे उकळला गेला आणि सर्वांनी कडुनिंबाचा काढा प्यायल्यासारखे तोंड करून पेले बाजूला ठेवले. दोष पानाचा नव्हता.

आसामचा काळा चहा आणि जपानचा हिरवा चहा एकाच वनस्पतीचे. आपल्याकडे पान चुरून हवेत काळवंडू देतात. जपानात खुडलेल्या पानाला तत्काळ वाफ देतात, म्हणून त्याचा हिरवेपणा टिकतो. चीनहून चहाचे बी जपानात नेण्याचे श्रेय परंपरेने एइसाई या बौद्ध भिक्षूला, ११९१ साली, दिले जाते. वाफवून, वळून, वाळवण्याची सेंचाची रीत मात्र नागातानी सोएन यांनी १७३८ मध्ये घालून दिली.

आता तो कडवटपणा. पानातील तुरट द्रव्ये आणि कॅफीन कडक पाण्यात झपाट्याने उतरतात; थिआनिन हे गोडसर द्रव्य कोमट पाण्यातही उतरते. म्हणून सेंचाला ७० ते ८० अंशांचे पाणी आणि मिनिट-दीड मिनिट पुरे. ‘ग्योकुरो’ची झुडपे खुडणीपूर्वी सुमारे वीस दिवस सावलीत झाकतात, त्यामुळे थिआनिन टिकते, तुरटपणा घटतो. त्याला तर ५० ते ६० अंशच हवेत. पाणी कमी तापवायचे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. गाळून, पूर्ण उकळून मग निववावे. व्रती माणसे असलेल्या घरांत ही सवय आहेच. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले की साधारण दहा अंश उतरतात, थर्मामीटर लागत नाही.

‘माच्चा’ही सावलीतल्याच पानांचा, पण शिरा-देठ काढून दगडी जात्यावर दळलेला. यात पानच पोटात जाते, त्यामुळे कॅफीनही भरपूर. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा पेला माच्चाचा किंवा ग्योकुरोचा घेऊ नये, झोप उडेल. त्या वेळेस ‘होजिचा’ उत्तम. भाजलेल्या पानांचा हा तांबूस, खमंग चहा कॅफीनने हलका असतो आणि उकळते पाणीही सोसतो. भाजलेला तांदूळ मिसळलेला ‘गेनमाइचा’ आपल्या जिभेला सर्वांत लवकर रुचेल, असे मला वाटते. मोठ्या, उशिरा खुडलेल्या पानांचा ‘बांचा’ स्वस्त आणि रोजचा.

वजन उतरवण्याच्या जाहिरातींवर व्यापाऱ्याच्या बुद्धीने विचार करावा. चहाऐवजी त्यासोबतची साखर सुटली, हाच खरा नफा. एक तोटा मात्र निश्चित लक्षात घ्यावा. धान्य-भाजीतून मिळणारे लोह शरीरात शोषले जाण्यास चहा अडथळा आणतो. शाकाहारी कुटुंबांतील स्त्रिया व मुलींच्या बाबतीत हे गंभीर आहे. जेवणानंतर तास-दीड तास जाऊ द्यावा. एकाशन करणाऱ्या श्राविकेने तर दिवसातील त्या एकमेव ताटाशेजारी हा पेला ठेवूच नये.

साधे पान निर्धोक. पण माच्चाच्या मिठाईत अंडे किंवा जिलेटिन असू शकते, आणि भातावर ओतण्याच्या चहाच्या तयार पुड्यांत बहुधा माशाचा अंश असतो. कोबे शहरात १९८५ पासून महावीरस्वामींचे मंदिर आहे. तेथील मोत्यांच्या व्यापारातील जैन कुटुंबांना पाकिटावरील घटक वाचणे सवयीचेच. आपणही वाचावेत.

खरेदी करताना पाकबंदीची तारीख पाहावी, पुडी लहान घ्यावी. सोलापूरच्या वैशाखात उघडा डबा महिन्याभरात पिवळा पडतो. हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये, अन्यथा पानाला दव धरते.

आमच्याकडे आता सेंचा सकाळी दुकान उघडण्यापूर्वी होतो. पातेले दुधाच्या चहाकडेच राहिले आहे.