द्रव्य आणि गुरुत्वाकर्षण : जोडणीचा प्रश्न

आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात फेरफार सुचवणाऱ्यांचे लक्ष बहुधा अवकाशकालाच्या वक्रतेकडे असते. परंतु अशा सिद्धांताचे भवितव्य ठरते ते त्यात द्रव्य गुरुत्वाकर्षणाशी कसे जोडले आहे यावरून. १९१५ च्या मूळ सिद्धांतात ही जोडणी अत्यंत साधी आहे. अवकाशकालातील अंतरे ठरवणारी राशी, म्हणजे मेट्रिक, सर्व द्रव्याला आणि प्रकाशालाही एकच असल्यामुळे सर्व पदार्थ सारख्याच त्वरणाने पडतात, आणि ऊर्जा व संवेग यांच्या अक्षय्यतेचा नियम समीकरणांतूनच निघतो.

१९६१ मध्ये कार्ल ब्रान्स आणि रॉबर्ट डिकी यांनी मेट्रिकच्या जोडीला एक अदिश क्षेत्र, म्हणजे प्रत्येक बिंदूला केवळ एक संख्या देणारे क्षेत्र आणले आणि गुरुत्व स्थिरांकाचे मूल्य त्यावर सोपवले. द्रव्य हे क्षेत्र निर्माण करते, पण द्रव्याची हालचाल मेट्रिकच ठरवते, अशी दक्षता त्यांनी घेतली. हाच सिद्धांत मोजमापाची एकके बदलून मांडला, तर गुरुत्वाकर्षण आइन्स्टाइनचेच राहते आणि कणांची वस्तुमाने मात्र ठिकठिकाणी बदलू लागतात. यांपैकी खरे रूप कोणते यावर पुष्कळ वाद झाला. परंतु प्रयोगात मोजली जातात ती गुणोत्तरे, आणि अभिजात पातळीवर ती दोन्ही रूपांत सारखीच येत असल्याने हा वाद फारसा फलदायी नाही.

या समरूपतेचे सर्वांत सुंदर उदाहरण फ्रेड हॉइल आणि कोल्हापूरचे जयंत नारळीकर यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात सापडते. भौतिकशास्त्रज्ञ माख यांच्या विचारसरणीला अनुसरून त्यांनी कणाचे वस्तुमान हा त्याचा अंगभूत गुण न मानता विश्वातील इतर सर्व कणांच्या एकत्रित प्रभावाचे फळ मानले. या मांडणीत विश्व सपाट आणि स्थिर धरून वस्तुमाने काळाबरोबर वाढतात असे म्हणता येते: दूरच्या दीर्घिकेतून प्रकाश निघाला तेव्हा तिथल्या अणूंतील इलेक्ट्रॉन आजच्यापेक्षा हलके होते, म्हणून त्या प्रकाशाची तरंगलांबी अधिक होती, आणि तीच आज ताम्रसृती म्हणून दिसते. विश्वाच्या प्रसरणाने जे सांगितले जाते तेच येथे वस्तुमानाच्या वाढीने सांगितले जाते.

निरीक्षणांनी या कल्पनांना कठोरपणे तपासले आहे. शनीकडे निघालेले कॅसिनी यान २००२ मध्ये पृथ्वीवरून पाहता सूर्यामागे गेले, तेव्हा सूर्याजवळून जाणाऱ्या रेडिओ संदेशांच्या वारंवारतेतील सूक्ष्म बदल मोजण्यात आला. सूर्याभोवतीच्या आयनित वायूचा परिणाम वगळता यावा म्हणून एकाहून अधिक वारंवारता वापरल्या होत्या. आइन्स्टाइनच्या भाकितापासूनचे विचलन लाखात काही भागांपेक्षा अधिक नाही, असे त्यातून ठरले आणि ब्रान्स-डिकी क्षेत्राला फारच थोडी जागा उरली. मायक्रोस्कोप या फ्रेंच उपग्रहातील प्लॅटिनम आणि टायटॅनियम यांचे दंडगोल १०^−१५ च्या पातळीपर्यंत सारखेच पडत राहिले. अशा कठोर चाचण्यांतून वाट काढण्यासाठी जस्टिन खूरी आणि अमांडा वेल्टमन यांनी २००४ मध्ये असे क्षेत्र सुचवले की जे दाट द्रव्यात जड होऊन दडते आणि विरळ अवकाशात प्रभावी होते. ही युक्ती चतुर आहे, शिवाय प्रयोगशाळेतील निर्वात पोकळीत तपासण्याजोगीही आहे.

द्रव्य वक्रतेशी थेट गुणले जाते अशा अलीकडच्या सिद्धांतांविषयी मात्र सावधपणे बोलावे लागते. तेथे ऊर्जा-संवेगाची अक्षय्यता सामान्यतः टिकत नाही. शिवाय आदर्श द्रायूचे लाग्रांजियन, म्हणजे ज्यातून त्याची गतिसमीकरणे निघतात ते सूत्र, दाबाच्या रूपात लिहावे की घनतेच्या, या निवडीने सापेक्षता सिद्धांतात काहीच बिघडत नाही, पण येथे उत्तरच बदलते. अशी निवड भौतिकीच्या आधाराने न करता सोयीने केली, तर तिच्यावर उभे राहिलेले विश्वाचे प्रारूप विश्वासार्ह मानता येत नाही.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांच्या प्रवासानंतर, अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पोहोचले. प्रकाश आणि गुरुत्वीय लहरी यांना विश्वविस्ताराच्या पातळीवर वेगळा वेग देणारे अनेक सिद्धांत त्या एका घटनेने बाद झाले. अशा घटनेचा उगम आकाशात नेमका कोठे आहे हे ठरवायला परस्परांपासून दूर असलेल्या वेधशाळा लागतात, आणि २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या लायगो-इंडिया या अशाच गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेची जागा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ आहे.