एकशृंग पशूची कल्पना : भाषांतराच्या अंगाने काही विचार

एकच शिंग असलेल्या पशूची कल्पना ग्रीक ग्रंथांत, बायबलच्या भाषांतरांत, भारतीय कथांत आणि चिनी परंपरेत आढळते. यावरून सर्व मानवजातीला समान असे एखादे आदिम प्रतीक तिच्या मुळाशी असावे, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु त्या त्या ठिकाणी हा पशू कोणत्या शब्दाने ओळखला जातो आणि तो शब्द तेथे कसा आला, हे तपासले असता हे अनुमान फारसे टिकत नाही.

पाश्चात्त्य परंपरेचा आरंभ इ. स. पू. ४०० च्या सुमारास क्टेसियसने लिहिलेल्या ‘इंडिका’ या ग्रंथापासून होतो. क्टेसियस हा इराणच्या दरबारातील ग्रीक वैद्य. मूळ ग्रंथ नष्ट झाला असून नवव्या शतकात फोटियसने केलेला सारांश उपलब्ध आहे. भारतातील रानगाढवांचे शरीर पांढरे, मस्तक तांबडे व डोळे निळे असून कपाळावर सुमारे दीड हात लांबीचे शिंग असते. त्या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्यास विषबाधा होत नाही, असे त्यात म्हटले आहे. क्टेसियसने भारत पाहिला नव्हता. ऐकीव माहितीत गेंड्याचे शिंग आणि अन्य पशूंची लक्षणे एकवटली असावीत, हे उघड आहे.

मात्र या पशूला युरोपात धर्मग्रंथाचे प्रामाण्य मिळाले ते एका भाषांतरामुळे. हिब्रू बायबलमध्ये ‘रेएम’ नावाचा बलाढ्य पशू येतो. अक्कादी भाषेतील ‘रीमु’ या सजातीय शब्दावरून त्याचा अर्थ रानबैल असा निश्चित होतो. इ. स. पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘मोनोकेरोस’, म्हणजे एकशिंगी, हा शब्द योजला. पुढे लॅटिन भाषांतरात कोठे ‘युनिकॉर्निस’, तर कोठे ‘ऱ्हिनोसेरॉस’ असे शब्द आले. या निवडीतील अडचण अनुवाद या ग्रंथाच्या तेहतिसाव्या अध्यायात उघडी पडते. तेथे मूळ हिब्रूत एकवचनी रेएमची ‘शिंगे’ अनेकवचनात आहेत. त्यामुळे ग्रीक पाठात ‘एकशृंगाची शिंगे’ असा वदतोव्याघात निर्माण झाला. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनी पशूच अनेकवचनी करून ही विसंगती झाकली आणि मूळ एकवचनाची नोंद समासात केली. १८८५ च्या सुधारित आवृत्तीत ‘रानबैल’ हा अर्थ आला. परंतु तोपर्यंत युनिकॉर्न युरोपीय कल्पनासृष्टीत स्थिरावला होता. ‘फिजिओलोगस’ या प्राणिरूपकांच्या ग्रंथाने तो ख्रिस्ताचे प्रतीक ठरविला होता. कुमारिकेवाचून तो कोणाच्या हाती लागत नाही, ही कथाही त्यातलीच.

शब्दाचे रूपही बदलत गेले. फ्रेंचमधील ‘युनिकॉर्न’ या शब्दाचा आद्य अंश ‘एक’ अशा अर्थाचे उपपद समजला गेला. उरलेल्या ‘इकॉर्न’ला निश्चयवाचक उपपद चिकटून ‘लिकॉर्न’ हे रूप सिद्ध झाले. अशा चुकीच्या विच्छेदाचे परिचित उदाहरण म्हणजे मराठीत ‘नारिंग’ या रूपात टिकलेला शब्द. इटालियनमध्ये त्याचा आद्य ‘न’ उपपदात विलीन होऊन ‘अरान्चा’ झाले. लिकॉर्नच्या रूपातून ‘एक’चा बोध नाहीसा झाला, तरी पशू एकशिंगीच राहिला.

भारतात चित्र निराळे आहे. ऋष्यशृंग या नावाचा अर्थ ‘ऋष्य नामक हरणाचे शिंग असलेला’ एवढाच. त्यात संख्या नाही. ‘महावस्तु’ या बौद्ध ग्रंथात मात्र तोच ऋषी ‘एकशृंग’ होतो. स्त्रीदर्शनाने मोहित होणारा हा तपस्वी आणि कुमारिकेला वश होणारा युनिकॉर्न यांचा संबंध काही अभ्यासकांनी जोडला आहे. परंतु साम्य म्हणजे संक्रमण नव्हे, मधले दुवे दाखवावे लागतात. पालीतील ‘खग्गविसाण’ हा शब्दही उद्बोधक आहे. तत्पुरुष मानल्यास ‘गेंड्याचे शिंग’, बहुव्रीही मानल्यास ‘खड्गासारखे शिंग असलेला’, म्हणजे खुद्द गेंडा, असा अर्थ होतो. एकाकी विचरणाऱ्या भिक्षूची उपमा शिंगाशी की पशूशी, हा वाद त्या समासविग्रहावरच अवलंबून आहे.

चीनमधील ‘चीलिन’ हा मंगलसूचक पशू. तो कधी एकशिंगी, तर कधी द्विशृंगी दाखविला जातो. १४१४ मध्ये बंगालहून मिंग दरबारी जिराफ पोहोचला, तेव्हा त्याचे स्वागत चीलिन म्हणूनच झाले. जपानीत आजही ‘किरिन’ म्हणजे जिराफ. त्याला युनिकॉर्न म्हणणे ही युरोपीय अभ्यासकांची सोय होय.

सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सर्वाधिक आढळणाऱ्या पशूविषयीही हीच सावधगिरी हवी. बाजूने रेखाटल्यामुळे दोन शिंगांचे एक दिसते, हा तर्क एकशिंगी मृण्मूर्तींमुळे दुबळा झाला आहे. तरीही त्या लिपीचे वाचन होईपर्यंत तो पशू निनावीच राहतो. त्याला ‘युनिकॉर्न’ म्हणताच शुचिता, कुमारिका, विषहरण हा परका अर्थभार नकळत त्याच्यावर लादला जातो.

असा भार निरुपद्रवी नसतो. युरोपात एकशृंगाचे म्हणून विकले जाणारे शिंग नारव्हाल या सागरी प्राण्याचा दात आहे, हे १६३८ मध्ये ओले वुर्म यांनी दाखविले. पण शिंगात औषधी गुण असल्याच्या समजुतीने आशियातील गेंड्यांचा मोठा संहार झाला. १७५८ मध्ये लिनियसने भारतीय गेंड्याला ‘ऱ्हिनोसेरॉस युनिकॉर्निस’ हे नाव दिले. रेएमच्या भाषांतरात आलटून पालटून आलेले ते दोन शब्द अखेर एका खऱ्या पशूच्या नावात एकत्र आले.