ज्याला देशच नव्हता, तो देशद्रोही कसा?

मे १७८१ ची गोष्ट. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स विल्यम काउंटीच्या न्यायालयापुढे एक गुलाम उभा होता. त्याचे नाव बिली. त्याला आडनाव नव्हते. सरकारी कागदात कुठे बिली, कुठे विल, तर कुठे विल्यम अशी त्याची नोंद आहे. जॉन टेलो नावाच्या मयत जमीनदाराच्या मालमत्तेत तो मोडत होता. जशी गुरे, जशी अवजारे, तसा बिली.

त्याच्यावर आरोप होता देशद्रोहाचा. शत्रूच्या सशस्त्र जहाजावर राहून त्याने राज्याविरुद्ध युद्ध केले, असे सरकारचे म्हणणे. बिलीने गुन्हा नाकारला. तो आपल्या खुशीने जहाजावर गेला, की त्याला बळजबरीने नेले, याचा धड पुरावाही पुढे आला नाही. तरी न्यायालयाने त्याला फाशी सुनावली.

वाचकहो, ज्याला देशाने कधी माणूस म्हणून मोजलेच नाही, त्याने देशाचा द्रोह केला तो कसा? हा प्रश्न आम्ही आज दोनशे वर्षांनंतर शहाणपणाने विचारतो आहोत, असे समजू नका. त्याच न्यायालयातल्या दोन न्यायाधीशांनी तो तेव्हाच विचारला होता. ते काय म्हणाले ते पुढे येईलच. आधी तो काळ समजून घेऊ.

घरोघरी संशय

१७७५ साली अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध शस्त्र उचलले. ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि निष्ठेचा अर्थच उलटा झाला. कालपर्यंत राजाशी इमान राखणारा सज्जन होता, आज तोच गद्दार ठरला. तिकडे राजाच्या लेखी जाहीरनाम्यावर सही करणारे सगळेच फासावर चढवण्याच्या लायकीचे होते.

ही फूट घराच्या उंबरठ्याच्या आतही शिरली. बेंजामिन फ्रँकलिन हे जाहीरनाम्यावर सही करणारे थोर पुढारी. त्यांचा मुलगा विल्यम हा न्यू जर्सीचा राजाने नेमलेला गव्हर्नर. मुलगा राजाच्या बाजूने राहिला. क्रांतिकारकांनी त्याला १७७६ ते १७७८ अशी दोन वर्षे कैदेत ठेवले. युद्ध संपल्यावर १७८५ मध्ये बापलेकांची एकदा भेट झाली, पण मने जुळली नाहीत. बापाने मृत्युपत्रातही मुलाला जवळजवळ काही ठेवले नाही.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याचे जुने नाव होते किंग्ज कॉलेज, म्हणजे राजाचे कॉलेज. त्याचे प्रमुख माइल्स कूपर हे राजाचे कट्टर समर्थक. मे १७७५ मध्ये एका रात्री संतप्त जमाव त्यांच्या दारावर चालून आला. ते कसेबसे निसटले आणि इंग्लंडला गेले. युद्ध संपल्यावर १७८४ मध्ये कॉलेजच्या नावातला राजाही गेला आणि कोलंबिया हे नाव आले.

राज्याराज्यांत निष्ठेची शपथ सक्तीची झाली. शपथ न घेणाऱ्याची हत्यारे काढून घेत, हक्क काढून घेत. क्वेकर पंथाच्या लोकांना शपथ घेणे आणि युद्ध करणे, दोन्ही धर्माने निषिद्ध. त्यांनी नकार दिला. १७७७ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियातल्या वीसएक जणांना, ज्यांत बहुतेक क्वेकर होते, कोणताही खटला न चालवता दूर व्हर्जिनियात नेऊन ठेवले. त्यांतले दोघे तिकडेच मरण पावले. पुढच्याच वर्षी जॉन रॉबर्ट्स हा गिरणीवाला आणि अब्राहम कार्लाइल हा सुतार, या दोघांवर फिलाडेल्फिया इंग्रजांच्या ताब्यात असताना त्यांना मदत केल्याचा खटला झाला. हजारो लोकांनी दयेचे अर्ज केले. उपयोग झाला नाही. ४ नोव्हेंबर १७७८ रोजी दोघांना फाशी झाली.

जिथे न्यायालय नव्हते तिथे जमाव होता. संशयितांच्या अंगावर डांबर ओतून, पिसे चिकटवून त्यांची धिंड काढत. व्हर्जिनियात चार्ल्स लिंच नावाच्या अधिकाऱ्याने १७८० मध्ये कायद्याची पर्वा न करता राजनिष्ठांना शिक्षा दिल्या. १७८२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून त्याच्यावर पांघरूण घातले. आज जमावाने केलेल्या हत्येला जो शब्द जगभर वापरतात, त्याचे मूळ बहुतेक जण या लिंचच्या नावातच सांगतात.

गुलामाने कोणाची बाजू घ्यायची?

त्या वेळी वसाहतींत पंचवीस लाखांच्या आसपास लोकवस्ती होती. त्यांतले सुमारे पाच लाख काळे लोक होते आणि त्यांतले बहुतेक गुलाम होते. स्वातंत्र्याच्या सभांत चहा वाढणारे हात त्यांचेच, तंबाखूच्या मळ्यात राबणारे हात त्यांचेच. सगळी माणसे समान जन्मली आहेत असे जाहीरनाम्यात लिहिणारे थॉमस जेफरसन यांनी आयुष्यात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली.

नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने फर्मान काढले : बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येऊन लढतील ते मुक्त! डनमोरला गुलामांचा कळवळा नव्हता. तो स्वतः गुलामांचा मालक. राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना त्याने सोडले नाही. त्याला फौज हवी होती. तरीही शेकडो माणसे रात्री-अपरात्री, होड्यांतून, दलदलीतून त्याच्याकडे पोहोचली. देवीच्या साथीने त्यांतल्या असंख्यांचा बळी घेतला. मागून येणारे थांबले नाहीत.

काही काळे लोक अमेरिकेच्या बाजूनेही लढले. त्यांची संख्या पाच हजारांच्या घरात सांगतात. व्हर्जिनियाचा जेम्स हा गुलाम १७८१ मध्ये लाफायेत या सेनापतीसाठी हेरगिरी करत होता. इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या छावणीत जीव मुठीत धरून तो वावरला. हाच कॉर्नवॉलिस त्या वर्षी यॉर्कटाउनला शरण गेला आणि १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. जेम्सला काय मिळाले? मालकाऐवजी सैनिक म्हणून लढलेल्या गुलामांना मुक्त करणारा कायदा १७८३ मध्ये झाला. हेर त्यात बसत नव्हता. देशासाठी जिवावर उदार झालेला जेम्स युद्ध जिंकल्यावर पुन्हा मालकाच्या घरी गुलाम! लाफायेतने लेखी दाखला दिला, जेम्सने अर्ज केले, तेव्हा १७८७ मध्ये विधिमंडळाने त्याला मुक्त केले.

दोन न्यायाधीश काय म्हणाले

आता बिलीकडे येऊ. हेन्री ली आणि विल्यम कार या दोन न्यायाधीशांनी निकालाला विरोध केला. त्यांचे म्हणणे सरळ होते. गुलामाला नागरिकाचे कोणतेच हक्क नाहीत. मग राज्याशी निष्ठा ठेवण्याचे बंधन त्याच्यावर येते कुठून? देशद्रोह्याची जमीन-मालमत्ता जप्त करावी असे कायदा सांगतो. गुलामाकडे जप्त करण्यासारखे आहे काय? तेव्हा हा कायदा गुलामांसाठी केलेलाच नाही.

त्यांच्या म्हणण्याला आणखी एका गोष्टीचा आधार आहे. व्हर्जिनियात १७७७ मध्ये निष्ठेच्या शपथेचा कायदा झाला, तो सोळा वर्षांवरील स्वतंत्र पुरुषांसाठी. बिलीला कोणी कधी शपथ विचारलीच नव्हती. न घेतलेली शपथ तो मोडणार कशी?

टेलोच्या मालमत्तेचे कारभारी मान पेज यांनी गव्हर्नरकडे धाव घेतली. गव्हर्नर होते खुद्द थॉमस जेफरसन. त्यांनी फाशी तहकूब केली आणि जून १७८१ मध्ये विधिमंडळाने बिलीला माफी दिली. बिलीचा जीव वाचला.

आनंद वाटला ना? आम्हालाही वाटला. पण जरा बारकाईने पाहा. माफी मिळाली ती फाशीची, गुलामीची मिळाली नाही. तो माणूस आहे म्हणून वाचला नाही. कायद्याच्या नजरेत तो नागरिक नाही, म्हणून वाचला. गुलामाला फाशी दिली तर त्याची किंमत सरकारने मालकाला भरून द्यायची, असाही तिथे कायदा होता. आणि त्याच वर्षी जानेवारीत व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड जाळणाऱ्या इंग्रज फौजेचा म्होरक्या कोण होता? बेनेडिक्ट अरनॉल्ड. काही महिन्यांपूर्वीपर्यंत तो अमेरिकेचा नावाजलेला सेनापती होता. पैसा आणि हुद्द्यासाठी वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांना विकायला तो निघाला होता. मान, पद, अधिकार, सारे देशाने दिलेला माणूस! तो सुखरूप लंडनला गेला आणि तिथेच अंथरुणावर मेला. ज्याला देशाने काहीच दिले नाही, त्याच्या गळ्याशी मात्र दोर आला.

बायकोची निष्ठा कोणाची?

आमच्या भगिनींनी पुढची गोष्ट जरूर वाचावी. फिलाडेल्फियाच्या ग्रेस गॅलोवे यांचा नवरा राजनिष्ठ पुढारी. १७७८ मध्ये तो मुलीला घेऊन इंग्रजांबरोबर निघून गेला. ग्रेस मागे राहिल्या, माहेरकडून आलेली आपली मालमत्ता राखण्यासाठी. सरकारने नवऱ्याच्या गुन्ह्यापायी त्यांनाही घराबाहेर काढले. १७८२ मध्ये त्या वारल्या, तोवर ना घर परत मिळाले, ना मुलगी भेटली.

मॅसॅच्युसेट्समध्ये ॲना मार्टिन या बाई इंग्रज अधिकारी असलेल्या नवऱ्याबरोबर देश सोडून गेल्या. त्यांचीही मालमत्ता जप्त झाली. पुढे मुलाने दावा लावला. १८०५ मध्ये न्यायालयाने मुलाच्या बाजूने निकाल दिला. कारण काय, तर विवाहित स्त्रीला नवऱ्यापासून वेगळी अशी राजकीय इच्छाच नसते, ती नवऱ्यामागे जाणार. मग तिला देशद्रोही कसे म्हणावे? गुलामाचा जो न्याय, तोच बायकोचा. मालमत्ता मिळाली, पण स्वतःचे मत असण्याचा हक्क नाकारूनच.

हॅरी वॉशिंग्टन

शेवटी एका माणसाची ओळख करून देतो. आफ्रिकेत जन्मलेला हॅरी हा जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या तबेल्यात राबणारा गुलाम. मालक स्वातंत्र्याची लढाई लढत असताना १७७६ मध्ये हॅरीने आपल्या स्वातंत्र्यासाठी इंग्रजांची वाट धरली. १७८३ मध्ये तह झाला. पळालेले गुलाम परत द्या, अशी मागणी वॉशिंग्टन यांनी इंग्रज सेनापती कार्लटन यांच्यापुढे ठेवली. दिलेला शब्द मोडणे हा कलंक ठरेल, असे सांगून कार्लटन यांनी नकार दिला. न्यूयॉर्कहून निघालेल्या सुमारे तीन हजार काळ्या माणसांची नावे एका वहीत लिहिली गेली. त्यांत हॅरीचे नाव आहे.

त्यांना कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात नेले. तिथे थंडी, उपासमार आणि गोऱ्यांचा द्वेष. १७९२ मध्ये त्यांतले सुमारे बाराशे जण आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले. तिथे कंपनी सरकारने जमिनीवर कर लादला. १८०० मध्ये काहींनी त्याविरुद्ध बंड केले. त्यांत हॅरीही होता. त्याला हद्दपार केले गेले. कराविरुद्ध उठलेले वॉशिंग्टन राष्ट्रपिता झाले, कराविरुद्ध उठलेला त्यांचा गुलाम बंडखोर ठरला.

शेवटचा शब्द

अमेरिकेने या काळातून एक धडा घेतला. १७८७ च्या राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या मुद्दाम आवळून लिहिली गेली. देशाविरुद्ध युद्ध करणे किंवा शत्रूला सामील होऊन मदत करणे, एवढ्यालाच देशद्रोह म्हणायचे. त्याच कृत्याचे दोन साक्षीदार हवेत, नाहीतर उघड न्यायालयात कबुली हवी. नुसत्या संशयावर कोणाला गद्दार म्हणून फासावर चढवू नये, यासाठी हे कुंपण. पण ज्यांना नागरिकच मानले नव्हते, ते कुंपणाबाहेरच राहिले. गुलामी कायद्याने संपायला १८६५ साल उजाडले, आणि नागरिकत्व घटनेत लिहिले जायला १८६८.

घरी मुले इतिहासाचे पुस्तक घेऊन बसली की त्यांना वॉशिंग्टन आणि जेफरसन यांची नावे भेटतीलच. त्यांच्याजवळ बसून बिलीचे आणि हॅरीचेही नाव सांगा. आणि हेही सांगा की, निष्ठा ही सावकाराच्या वसुलीसारखी मागायची गोष्ट नाही. देश माणसाला आपला म्हणतो, हक्क देतो, न्याय देतो, तेव्हाच तो देश माणसाला आपला वाटतो. जो कोणी दुसऱ्याच्या निष्ठेचा हिशेब मागतो, त्याने आधी आपल्या वहीचे जमेचे पान उघडून दाखवावे. त्या दोन न्यायाधीशांनी १७८१ साली एवढेच तर सांगितले होते.