प्रयोगांची सुगी, व्यवस्थेचा दुष्काळ

युगांडाच्या आरोग्य सेवा महासंचालक डॉ. जेन आचेंग यांनी जानेवारी २०१२ मध्ये एक असाधारण आदेश काढला. मोबाइल फोन वा संगणक यांवर आधारलेला कोणताही आरोग्यप्रकल्प मंत्रालयाच्या मान्यतेवाचून चालवू नये, असे त्यांनी बजावले. गरीब देशाने फुकट मिळणारे तंत्रज्ञान अडवावे, हे वरकरणी विपरीत वाटेल. वस्तुतः या नवलाईच्या क्षेत्रातील ते मोठ्या शहाणपणाचे पाऊल होते.

त्यामागील कारण साधे होते. देणगीदार संस्थांनी देशभर आपापले स्वतंत्र प्रयोग मांडले होते. प्रत्येकाची नोंदपद्धती निराळी; एकाची माहिती दुसऱ्याला उपयोगी पडत नसे. अशा वेळी परिचारिकेचे ओझे हलके होण्याऐवजी वाढते, आणि दोन-तीन वर्षांनी अनुदान संपले की प्रयोगही संपतो. या दुखण्याला तज्ज्ञांनी ‘पायलटायटिस’ असे नावच दिले आहे.

हा दोष यंत्रांचा नव्हे, अर्थव्यवहाराचा आहे. नवी प्रणाली उभारण्याचा खर्च एकदाच येतो. ती चालविण्याचा खर्च दरवर्षी येतो. प्रशिक्षण, दुरुस्ती, वीज, जाणत्या कर्मचाऱ्यांचे वेतन हे सारे या दुसऱ्या खात्यात मोडते. पहिल्या खर्चाचे उद्घाटन करता येते, दुसऱ्याचे करता येत नाही. म्हणूनच पहिल्याला दाते पुष्कळ आणि दुसऱ्याला वाली कोणी नाही, अशी स्थिती ओढवते.

खासगी भांडवल ही उणीव भरून काढील, असे म्हणणाऱ्यांनी रवांडाकडे पाहावे. लंडनच्या बॅबिलॉन या कंपनीने तेथे २०१६ साली दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देणारी सेवा सुरू केली. वीस लाखांहून अधिक लोकांनी तीत नावे नोंदविली. २०२० मध्ये सरकारने दहा वर्षांचा करारही केला. परंतु २०२३ साली मूळ कंपनीच कोसळली आणि रवांडातील सेवाही बंद पडली. रुग्ण किगालीचा, पण त्याच्या सेवेचे भवितव्य परदेशी भांडवल बाजाराच्या हाती! सरकारी मदतीचाही भरवसा नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी साहाय्य एकाएकी रोखले तेव्हा दिसून आले.

याउलट दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण आहे. वर्णभेदी राजवट १९९४ साली संपल्यावर विखुरलेली आरोग्यसेवा एकत्र आणण्यासाठी जिल्हापातळीवरील माहितीची गरज निर्माण झाली. केपटाऊन व ऑस्लो येथील संशोधकांनी त्यासाठी ‘डीएचआयएस’ ही प्रणाली घडविली आणि ती सर्वांना विनामूल्य खुली ठेवली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचा पहिला वापर २००६ मध्ये केरळात झाला. आज ती सत्तरहून अधिक देशांत आहे. कोरोनाची चाहूल लागताच, २०२० च्या प्रारंभी, श्रीलंकेतील तज्ज्ञांनी तिच्यावरच प्रवाशांच्या नोंदीची सोय उभी केली आणि इतर अनेक देशांनी ती उचलली. या प्रणालीलाही परदेशी पैसा लागलाच. पण तिच्याबरोबर ती हाताळणारी माणसे देशोदेशी तयार झाली. उसने यंत्र परत जाते, कमावलेली विद्या राहते.

शासनाने प्रत्येक गोष्टीत हात घातला तर कल्पकता गुदमरेल, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु रस्ता सार्वजनिक असला म्हणून त्यावर वाहने कोणाची धावावीत हे ठरत नाही. नोंदींची समान पद्धत, रुग्णाच्या माहितीची गुप्तता आणि आवर्ती खर्चाची अंदाजपत्रकात तरतूद या तीन गोष्टी शासनाच्याच आहेत. बाकीचे क्षेत्र उद्योजकांना मोकळे असावे.

भारतानेही सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ केला. त्याचे मोजमाप उघडलेल्या खात्यांच्या संख्येवरून होऊ नये. उपकेंद्रातील परिचारिकेची एक तरी नोंदवही कमी झाली काय, आणि दुसऱ्या गावी गेलेल्या रुग्णाची माहिती तेथील डॉक्टरांपर्यंत पोहोचली काय, हीच खरी कसोटी आहे.