एकच खातेवही, हजारो खिडक्या

मुळशी तालुक्यातल्या पौडचा पिनकोड ४१२१०८. पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय. पत्रांना १९७२ पासून अशी शिस्त आहे, पण खेड्यातल्या शाखा टपाल कार्यालयातला पैशांचा हिशेब बराच काळ कागदावरच होता. शाखा डाकपाल रोजचा हिशेब टपालाच्या थैलीतून वरच्या कार्यालयात पाठवायचे. तिथे नोंद होईपर्यंत दोन वह्यांत दोन आकडे!

डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दर्पण’ प्रकल्पाने देशातल्या सुमारे १.२९ लाख ग्रामीण शाखांसाठी सिमकार्डावर चालणारे हातातले यंत्र आणले. वीज नसेल तर ते सौरऊर्जेवर चार्ज होत असे. खरी किमया मात्र केंद्रीय खातेवहीची. खातेदाराने शंभर रुपये भरले की प्रत्येक शाखेला तीच ताजी शिल्लक दिसते. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असल्याने तो दोनदा मोजला जात नाही.

मुळशीसारख्या डोंगराळ तालुक्यात रेंज हाच कच्चा दुवा; ती नसेल तर नोंद केंद्रीय खातेवहीत उशिरा पोहोचते. म्हणून पैसे भरल्यावर छापील पावती घ्या, तिच्यावरची रक्कम आणि शिल्लक तिथेच वाचा आणि पासबुकाशी ताडून पाहा.